देवाच्या दारात सावकार

तुमच्या मनात एक नाव आहे. हातउसने म्हणून त्यानं पैसे नेले, बरेच दिवस ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणत राहिला आणि आता तुमचा फोनही उचलत नाही. पैशांचं नसेल तर शब्दाचं असेल. वाटणीच्या वेळी सख्ख्या माणसानं फिरवलेला शब्द, किंवा आजारपणात जवळच्या मैत्रिणीनं न विचारलेली खुशाली. ते नाव बरोबर असू द्या, जिथं जायचं आहे तिथं ते उपयोगी पडेल. फक्त एक करा. प्रभातच्या १९३६ च्या चित्रपटातले विष्णुपंत पागनीस क्षणभर डोळ्यांपुढून बाजूला करा. त्यांनी तुकोबा इतके गोड करून ठेवलेत की देहूच्या पेठेतला हिशेबी तरुण वाणी आपल्याला दिसेनासाच झाला आहे. आपल्याला त्याच्याकडे जायचं आहे.

शके १५५० च्या आसपासचं देहू. इंद्रायणीच्या काठानं तुम्ही वर येता, तो बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आधी कानावर येतो. गोण्या उतरताहेत. धान्याची धूळ नाकात जाते. समोरच्या वाड्यात पेठेची महाजनकी आहे, घरात विठ्ठलाची पूजा पिढ्यान् पिढ्या आहे आणि ओसरीवर वही उघडून बसलेला माणूस अवघा विशीतला आहे. वडील बोल्होबा गेले, आई कनकाई गेली. थोरले बंधू सावजी बायको वारल्यावर तीर्थयात्रेला निघून गेले. मधल्या मुलाच्या खांद्यावर सगळा व्याप आला. पहिली पत्नी रखमाबाई दम्यानं आजारी, म्हणून पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची लेक जिजाई दुसरी करून आणलेली. धाकटा कान्होबा हाताशी आहे.

वहीत डोकावा, कोणी अडवणार नाही. पेरणीच्या वेळी कुळानं बियाणं नेलं, सुगीला वाढीसकट फेडायचं. पाऊस चुकला की खत, म्हणजे कर्जरोखा, नवं करायचं, व्याज मुद्दलात जायचं. खाली साक्षीदारांची नावं. अशी खतं दप्तरात गठ्ठ्यानं आहेत. सावकाराची वही म्हणजे गावानं दिलेल्या शब्दांची यादीच. यांतले किती खरे ठरतील ते कोणीच सांगू शकत नाही, तरी व्यवहार चालतो, कारण शब्दावर विसंबल्याशिवाय गाव चालत नाही.

हा तरुण भोळा होता असं मात्र कथा सांगतात. महिपतीबुवांनी ‘भक्तलीलामृता’त, म्हणजे १७७४ साली, तुकोबांनंतर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी, एक प्रसंग लिहून ठेवला आहे. तुकोबा कोकणात माल विकून परत येत होते. वाटेत एकानं सोन्याचा मुलामा दिलेली पितळी कडी सोन्याच्या भावानं गळ्यात मारली आणि सगळी कमाई घेऊन गेला. घरी आल्यावर काय झालं असेल ते तुम्ही ओळखालच. प्रसंग जसाच्या तसा घडला की नाही, त्यावर मी पैज लावणार नाही. पण देहूच्या लोकांना आपल्या तुकोबांबद्दल हीच गोष्ट सांगावीशी वाटली, यात काही तरी आहे.

आता दोन वर्षं पुढे चला. इथं जरा थांबावं लागेल.

१६३० चा मृग कोरडा गेला आहे. आर्द्रा कोरड्या. पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, एकेक नक्षत्र लोक बोटांवर मोजताहेत आणि आभाळाकडे पाहणं सोडून देताहेत. इंद्रायणीच्या डोहात चिखल उरला आहे. याच वर्षी फाल्गुनात उत्तरेला शिवनेरीवर जिजाबाईंना मुलगा झाला, पण त्याचं नाव अजून कोणाला काही सांगत नाही. इथं सांगण्यासारख्या बातम्या वेगळ्या आहेत. मोगल, निजामशाही आणि आदिलशाही यांच्या फौजा मुलूख तुडवताहेत. आठ-नऊ कोसांवरचं पुणं आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं जाळून उद्ध्वस्त केलं आणि वर गाढवाचा नांगर फिरवला. जिजाईचं माहेर तिथलं. म्हणजे अडीनडीला हात पसरायचा तो दरवाजाही गेला. शहाजहान बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरात तळ ठोकून आहे. त्याचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी या दुष्काळाबद्दल लिहितो की हाडांची पूड पिठात मिसळून विकली जात होती. बादशहानं लंगर उघडले ते बुऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरतेला. देहूपासून ते कोणाच्या पायांना पोचण्यासारखे?

तुम्ही पेठेतून चालता. दुकानांच्या फळ्या लागलेल्या आहेत. बैलांच्या गळ्यातली घुंगरं कुठं वाजत नाहीत, कारण बैल नाहीत. ओसरीवरचा तो तरुण आता ओसरीवर नाही. आतून खोकल्याची उबळ आणि तिच्या मधून एकच शब्द ऐकू येतो. अन्न. रखमाबाई अन्न अन्न करत गेल्या हे कोण्या चरित्रकारानं रंगवून लिहिलेलं नाही. तुकोबांनी स्वतःच अभंगात सांगितलं आहे. पैसा आटला, मान गेला, बायको अशी मेली आणि आपल्याला लाज वाटली, असं ते अगदी कोरडेपणानं सांगतात. मागोमाग थोरला मुलगा संतू गेला असं परंपरा सांगते.

मान गेला म्हणजे काय झालं, ते तुम्ही उभे आहात तिथून दिसतं. परवापर्यंत वाड्यापुढं आल्यावर पागोटं सावरून रामराम घालणारा माणूस आज पलीकडच्या अंगानं जातो. ज्यांच्याकडून माल उधार यायचा ते आता रोख मागताहेत. दिवाळं निघालं ही बातमी पेठेत फुटायला वेळ लागत नाही. आपल्या मनातल्या त्या नावाची आठवण तुम्हाला इथंच होईल, आणि त्या नावाच्या जोरावर तुम्ही तुकोबांना सांगायला जाल की दप्तरात एवढी खतं पडली आहेत, उठा, कुळांकडे जा, वसूल करा. लोक तुमचं देणं लागतात आणि तुमच्या घरात माणूस उपाशी मेलं!

सल्ला वाईट नाही. पण कुळाच्या दारात जाऊन या. एक जण झाडाचा पाला उकडून पोरांपुढं ठेवतो आहे. दुसऱ्याच्या घराला कडी आहे, माणसं घाट उतरून कुठं तरी गेली. तिसऱ्याकडे मात्र पेवात धान्य आहे आणि तो नाही म्हणतो आहे. असा तिसरा प्रत्येक गावात असतो. पण खतावर या तिघांची भाषा एकच आहे, अक्षर एकच आहे. फेडू न शकलेला आणि फेडायचं नाही म्हणून न फेडलेला यांत वही भेद करत नाही. आपल्या मनातली वहीसुद्धा बहुतेक वेळा करत नाही.

तुकोबा गाव सोडून डोंगरात जातात. इंद्रायणीपलीकडे, चाकणच्या बाजूला भामचंद्राचा डोंगर आहे. तुम्हीही मागोमाग चढा, पण गुहेत शिरू नका. आत काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक. आपल्याकडे साक्षात्काराची वर्णनं भरपूर आहेत आणि ती लिहिणारे बहुतेक जण गुहेबाहेरच होते. तुम्ही कान्होबाची वाट पाहा. तो भावाला शोधत रानोमाळ हिंडतो आहे. सावजी गेले तसा हाही गेला तर घरात आपण एकटे, ही भीती त्याच्या चालण्यात आहे.

भाऊ सापडतो. दोघं नदीकाठी येतात आणि तुकोबा घरातलं दप्तर आणायला सांगतात.

आता नीट पाहा, कारण हा प्रसंग चित्रांत, कीर्तनांत इतका घासला गेला आहे की त्यातली खरी गोष्ट निसटते. दप्तर सुटतं. खतं एकेक करून बाहेर येतात. तुकोबा ती सगळी पाण्यात टाकायला निघतात आणि कान्होबा अडवतो. त्याचं म्हणणं साधं आहे: तुम्ही साधू व्हाल, मला संसार आहे. आणि तुकोबा ऐकतात. खतांचे दोन वाटे होतात. कान्होबाचा वाटा कान्होबाला मिळतो, त्यानं पुढं वसुली करावी की करू नये हा त्याचा प्रश्न. आपल्या वाट्याचा गठ्ठा तुकोबा इंद्रायणीत सोडतात.

याला आपण वैराग्य म्हणतो आणि पुढं जातो. मला यात वैराग्याच्या आधी चोख हिशेब दिसतो. दुसऱ्याच्या हक्काचं त्यांनी दान केलं नाही. उदारपणाच्या भरात भावाला भिकेला लावलं नाही. बुडवलं ते फक्त स्वतःचं येणं. आणि कोणाकोणाचं बुडवलं? पाला खाणाऱ्याचं आणि पेव भरलेल्याचंही. निवड केली असती तर प्रत्येक खतापाशी थांबून, हा लबाड की हा लाचार, याचा निवाडा करत बसावं लागलं असतं. तो निवाडाच त्यांनी सोडून दिला.

तुमचा हात पुढं होतो. त्या गठ्ठ्यात तुमच्या माणसाचंही एखादं खत असेल असं तुम्हाला वाटतं. काढून घ्यायचं असेल तर घ्या. कान्होबानं घेतलंच ना, आणि त्याला कोणी पापी म्हटलेलं नाही. तोही पुढं अभंग रचणाराच झाला.

डोंगरावरून गावात आल्यावर तुकोबांनी पहिलं काय केलं, तर गावातलं विठ्ठलाचं पडकं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. तसं करावंसं वाटलं एवढंच ते अभंगात सांगतात. दगड वाहणं, माती मळणं, भिंत चढवणं. दुष्काळानं खचलेल्या गावात माणसांशी बोलण्यापेक्षा ते सोपं असणार.

इथं आपल्याला थोडं आडवाटेला जायला हवं, जिजाईच्या चुलीपाशी. परंपरेनं या बाईला कजाग करून टाकलं आहे आणि ते मला कधीच पटलं नाही. महिपतीबुवांचीच कथा पाहा. जिजाईनं स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून नवऱ्याला व्यापारासाठी दिले. तुकोबांनी मीठ घेतलं, विकलं, नफाही केला. परतताना वाटेत कर्जापायी गांजलेला एक माणूस भेटला आणि सगळी रक्कम त्याला देऊन हे हात हलवत घरी आले. आता कर्ज कोणाच्या नावावर? तिच्या. खतं नदीत सोडणारा माणूस आपल्याला थोर वाटतो, पण तिच्या बाजूनं पाहिलं तर शब्द मोडणारं, भरवशाला न उतरलेलं माणूस तिच्या घरातच होतं. तुकोबांचा देव तिनं पांडुरंगाला शिव्या देत देत सहन केला. तरीही डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी तीच. तिच्या या भरवशाला आपण अजून चांगलं नाव दिलेलं नाही.

मंबाजी गोसाव्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तिथं रेंगाळत नाही. देवळाजवळ त्याचा मठ, तुकोबांचा मत्सर, तुकोबांना काटेरी फोकानं मारहाण, आणि रात्री कीर्तनाला तो आला नाही म्हणून तुकोबांचं त्याला बोलवायला जाणं. यावर कीर्तनकार खूप वेळ घेतात, त्यांना घेऊ द्या.

आणखी काही वर्षं पुढं. तुकोबांचे अभंग आता पंचक्रोशीत पसरले आहेत. संताजी जगनाडे तेली ते उतरून घेताहेत. वाघोलीच्या विद्वान ब्राह्मण रामेश्वरभट्टांच्या कानावर गेलं आहे की एक कुणबी वाणी वेदांचा अर्थ प्राकृतात सांगतो आणि लोक त्याच्या पाया पडतात. हा अधिकार याला कोणी दिला? देवानंच आज्ञा केली, असं तुकोबा म्हणतात. मग कवित्व पाण्यात टाक, देवाची आज्ञा असेल तर देव राखील, असा निकाल होतो.

तुम्ही पुन्हा त्याच काठावर आहात. तीच इंद्रायणी आणि बुडवणारे हातही तेच. या वेळी गठ्ठ्यात वह्या आहेत आणि वर दगड बांधला आहे. फरक एकच, तेव्हा आतून वाटलं म्हणून बुडवलं, आज दुसऱ्यानं सांगितलं म्हणून. काठावरचे लोक बोलायला कमी करत नाहीत. आधी खतं बुडवून प्रपंच घालवला, आता वह्या बुडवून परमार्थही घालवला, असं ते बोलल्याचं कथा सांगते. ज्यांच्यासमोर कीर्तनं केली तेच हे लोक. यांतल्या काहींची खतंही मागे याच पाण्यात गेली असतील, असं मला उगाच वाटत राहतं.

तुकोबा देवळापुढं एका शिळेवर बसतात. अन्न नाही, पाणी नाही. तेरा दिवस.

हे तेरा दिवस म्हणजे शांत ध्यान, अशी तुमची समजूत असेल तर जवळ जाऊन ऐका. या दिवसांतले म्हणून गाथेत जे अभंग आहेत ते भांडणाचे आहेत. इतके दिवस झाले, तू येत का नाहीस? माझी लाज गेली तर तुझंच नाव जाईल. तुझ्यावर आता जीव देऊन हत्या घालीन. मवाळ भक्ताची ही भाषा नाही. मग कुणाची? त्या काळच्या कोणत्याही पेठेत ती तुम्हाला ऐकायला मिळाली असती. धनको वसुलीसाठी ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा. तो उठेपर्यंत घरातल्यानंही जेवायचं नाही, आणि बसलेला दारात मेला तर हत्येचं पाप घरमालकाच्या माथी. धरणं ते हेच. लोक देवळातही नवस फळावा म्हणून असं बसत, पण रीत सावकाराची. फौजा तुंबलेल्या पगारासाठी सरदारांच्या तंबूपुढं हेच करत.

म्हणजे ज्या माणसानं गावातल्या एकाही कुळाच्या दारात धरणं धरलं नाही, तो देवाच्या दारात मात्र पक्क्या वाण्यासारखा बसला. मला तुकोबांच्या भरवशाचं मर्म इथं सापडतं. माणसं फसवतात म्हणून देवाच्या कुशीत जाऊन डोळे मिटायचे, असा तो भरवसा नव्हता. त्यांनी फक्त खातं फिरवलं. माणसांच्या नावावरचं सगळं येणं नदीत सोडून एकाच ठिकाणी लिहिलं, आणि मग तिथं एक दमडीही सोडायला ते तयार नव्हते. सावकार कोणाच्या दारात बसतो? ज्याच्याकडून वसूल होईल अशी खात्री असते त्याच्या. दिवाळखोराच्या दारात कोणी उपाशी बसत नाही. त्या शिळेवरचा राग जितका खरा, तितकी ती खात्रीही खरी.

यातून एक गोष्ट सुटते, आणि तीच मला सर्वांत मोठी वाटते. माणसं मोकळी होतात. शेजाऱ्यानं, भावानं, गावानं आपल्याला सगळं द्यावं ही सक्ती त्यांच्यावरून उठते. मंबाजीला बोलवायला जाता येतं, कारण मंबाजीकडून काही यायचं राहिलेलं नसतं.

तेराव्या दिवशी काय झालं? वह्या कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. ही कथा तुकोबांच्या हयातीतच दूरवर पोचली होती. त्यांच्या शिष्या संत बहिणाबाईंनी ती देहूला येण्याआधी कोल्हापुरात असतानाच ऐकली होती, त्यांच्या अभंगांत तिचा उल्लेख आहे. लोकांच्या तोंडीच अभंग तरले, असंही आज अनेक जण म्हणतात. तुम्ही काठावर आहात, तुम्हाला काय दिसलं ते तुम्ही ठरवा. मी तुम्हाला पाण्याकडे पाहायला सांगणार नाही, तुकोबांकडे पाहा. कागद राखलेस म्हणून ते देवाचे आभार मानतात आणि त्याच दमात स्वतःला बोल लावतात: मी फार अन्याय केला, लोकांच्या बोलण्यानं चिडून तुला संकटात घातलं, तुझा अंत पाहिला. वसुली झाल्यावर ऋणकोची क्षमा मागणारा सावकार तुम्ही कधी पाहिलाय? मी तरी ऐकलेला नाही.

आता तुम्ही परत या. ती शिळा देहूच्या देवळात आहे. तिच्यावरच्या नव्या शिळामंदिराचं लोकार्पण जून २०२२ मध्ये झालं. आषाढी वारीच्या आधी गेलात तर रांग मोठी असते, दुपारचं ऊन उतरल्यावर जा. तेरा दिवसांच्या त्या प्रसंगानंतर रामेश्वरभट्ट तुकोबांकडे आले आणि त्यांचे होऊन राहिले. ‘आरती तुकारामा’ ही आरती देहूत आणि महाराष्ट्रभर आजही म्हटली जाते. ती त्या रामेश्वरभट्टांनीच रचलेली आहे, शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव आहे.